‘एकच माल धरा’ म्हणणाऱ्यांना जळगावातून उत्तर

जळगाव-धुळ्याच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो. म्हणणं असं: एका कामगाराला एकच काम द्या, कारखान्यात एकच माल काढा, बाकीचं बाहेरून घ्या. पुण्यावाल्यांनी हेच केलं म्हणून ते पुढे गेले, खानदेशी माणूस सगळंच थोडं थोडं करतो म्हणून मागे राहिला. पुराव्याला अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या पुस्तकातला टाचण्यांचा कारखाना जोडलेला असतो. यात बरंच खरं आहे, आणि म्हणूनच तो मजकूर जास्त घोटाळा करतो.

आधी टाचण्या. स्मिथने १७७६ साली लिहिलेला हिशोब खरा आहे: दहा माणसं, अठराएक कामांची वाटणी, दिवसाला ४८ हजार टाचण्या. एकेकट्याने केलं असतं तर माणशी वीसही झाल्या नसत्या. पण त्याच पुस्तकातल्या दोन गोष्टी मजकूरवाले गाळतात. कामाची वाटणी किती बारीक करता येईल हे बाजारपेठ किती मोठी आहे यावर ठरतं, हे स्मिथनेच सांगितलं आहे. ४८ हजार टाचण्या उचलणारं गिऱ्हाईकच नसेल तर? दुसरी गोष्ट, जन्मभर दोन-चार सोप्या क्रियाच करणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, असंही तोच म्हणतो.

‘एक कामगार, एक काम’ याची किंमत अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीने रोख मोजली. १९१३ साली सरकती असेंब्ली लाइन आली, म्हणजे गाडी सरकत पुढे येते आणि कामगार जागेवरच आपलं एक काम करतो, आणि गाडीचा सांगाडा जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ पुढच्या वर्षापर्यंत ९३ मिनिटांवर आला. फायदा डोळे दिपवणारा होता. पण १९१३ मध्येच कामगार सोडून जाण्याचं प्रमाण सुमारे ३७० टक्के होतं. म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तीन-चार माणसं घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये रोजचा पगार पाच डॉलर, म्हणजे जवळपास दुप्पट करावा लागला, त्यामागे हेही कारण होतं.

आता आपल्या एमआयडीसीत या. प्लास्टिकच्या चटईत प्लास्टिकच्या दाण्यापासून स्ट्रॉ (विणायची बारीक नळी) काढणं, लूमवर म्हणजे मागावर विणणं, कडा शिवणं ही कामं वेगळी असतात, आणि असावीतच. लूमवर हात बसायला वेळ लागतो. पण लूमवाल्याला एक्स्ट्रुडरचं, म्हणजे दाणा वितळवून स्ट्रॉ काढणाऱ्या यंत्राचं, काहीच कळत नसेल तर स्ट्रॉ कमी-जास्त जाडीची आली की तो फक्त तुटलेली जोडत बसतो, आणि दोष कुठला ते शिफ्ट संपेपर्यंत कुणाला कळत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निम्मे लोक गावी गेले की मग विचारूच नका. दोन-तीन कामं येणारी चार माणसं हाताशी असणं ही चैन नव्हे.

‘कारखान्यात एकच माल’ हा सल्ला डाळ मिलवाल्याला देऊन पाहा. मूग-उडीद पावसाळा सरता सरता येतो, तूर आणि हरभरा हिवाळ्याच्या शेवटी. वर्षभराचा माल साठवायला भांडवल असेल तर फक्त तूर करा, कोण अडवतं? नसेल तर मिल कित्येक महिने बंद राहील आणि बँकेचं व्याज मात्र चालू. शिवाय मिलमधून चुनी (डाळीचा चुरा) आणि कोंडा निघतोच, तो ढेपेसारखा गुरांच्या खाद्याला जातो. त्याचे पैसे सोडायचे का?

अमळनेरचं उदाहरण तर घरचंच आहे. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तेलाच्या उपउत्पादनातून ‘७८७’ नावाचा धुण्याचा साबण निघू लागला, आणि पुढे हीच कंपनी विप्रो म्हणून संगणकापर्यंत गेली. मजकुराच्या नियमाने तिने तुपालाच चिकटून राहायला हवं होतं.

‘बाकीचं बाहेरून घ्या’ हे बऱ्याचदा बरोबर आहे. शंभर चटयांसाठी कुणी स्वतःचा दाणा बनवत नाही. मात्र सगळं एकाच पुरवठादाराकडून घेतलं की काय होतं ते टोयोटाला १ फेब्रुवारी १९९७ ला कळलं. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे कारखाने थांबले, कारण व्हॉल्व्हचा साठा काही तासांपुरताच होता. आठवडाभरात गाडी रुळावर आली ती इतर अनेक कंपन्यांनी घाईघाईने तो व्हॉल्व्ह बनवला म्हणून. त्यात शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही होती. आपलं नेहमीचं काम सोडून दुसरं करू शकणारी माणसं आणि यंत्रं तिथे होती, म्हणून हे जमलं.

मजकुराने एक खरा फायदा मात्र सांगितलेलाच नाही. चटईवाले एका गावात दाटीने असले की लूमचा फिटर, दाण्याचा व्यापारी, सुटे भाग, मालाचा ट्रक, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. तेव्हा गावाने एका मालात नाव काढणं मला पटतं. एका माणसाला जन्मभर एकाच खटक्यावर बसवणं पटत नाही.

राहता राहिले पुण्यावाले. पिंपरी-चिंचवडच्या लहान वर्कशॉपांनी एकेक सुटा भाग धरला, कारण टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या शेजारीच होत्या आणि ऑर्डर बारमाही होती. जळगावच्या पाइपवाल्याचं गिऱ्हाईक शेतकरी. पाऊस लागला की पाइपाची मागणी बसते. त्या महिन्यांत एक्स्ट्रुडर झाकून ठेवायचा की दुसरा डाय (साचा) लावून वेगळा माल काढायचा, यावर मजकुरात एक ओळ नाही.