कर्व्ह करून आणा

परवा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात पेनड्राइव्ह हातात धरून पाऊण तास उभी होते. काकांच्या कॉम्प्युटरवर मी डिझाइन केलेली लग्नपत्रिका उघडेना.

"कशात केलंय?"

"लेटेस्ट व्हर्जन आहे," मी जरा ऐटीतच म्हणाले.

"तिथेच चुकलं. आमच्याकडे कोरल एक्स-थ्री. जुन्यात सेव्ह करा, कर्व्ह करून आणा."

कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं, मग त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी चालतं. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्यातलं एक्स-थ्री 2006 सालचं. तेव्हा मी सातवीत होते. मॉनिटरला गेल्या खंडेनवमीची झेंडूची माळ अजून लटकत होती. काकांची हत्यारं काकांच्या मालकीची, त्यामुळे ती पुजायची सोय. मी कशाला हार घालू? लॉगिन पेजला?

तेवढ्यात फोन वाजला. उद्या खात्यातून अडीच हजार वळते होणार. पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा 2021 पासूनचा नियम. दरोडा पडायचा तो पडतोच, फक्त आदल्या दिवशी निरोप येतो. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो माझ्याआधी वाचला.

"हप्ता?"

"सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन."

"फिटणार कधी?"

"फिटत नाही. महिन्याला भरायचे."

"म्हणजे भाडं! आणि सोडलं तर?"

"वर्षाचा करार आहे. उरलेल्या महिन्यांचे निम्मे पैसे दंड."

काका खुर्चीत मागे रेलले. "आमचा वाड्याचा मालक बरा म्हणायचा. महिना अठ्ठेचाळीस रुपये. वडिलांच्या वेळेपासून केस चालू आहे, पण काढून दाखव म्हणावं!" मग तारखा, वकील, मालकाचा जावई, जिन्यातला नळ. माझी फाइल राहिली बाजूला.

घरी येऊन हिशेब मांडला. वर्षाचे तीस हजार. त्यातला 18 टक्के जीएसटी वळता करून घेता येत नाही, कारण वीस लाखांच्या आत कमावणाऱ्या माझ्यासारखीची नोंदणीच नाही. मला काम देणारी एजन्सी 10 टक्के टीडीएस कापते आणि उरलेले तीन महिन्यांनी देते, तेही चार फोन केल्यावर. इंकस्केप नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलंही आहे. पण एजन्सीला 'ओपन फाइल', म्हणजे नंतर बदल करता येईल अशी मूळ फाइल, माझ्या भाड्याच्याच सॉफ्टवेअरची हवी. सोय त्यांची, भाडं माझं. आणि मी सोडत नाही, हे त्या कंपनीला माझ्याआधी माहीत आहे.

निघताना काका म्हणाले होते, "फाइल बघण्याचे पन्नास झाले."

"उघडली कुठे, काका?"

"म्हणून तर पन्नास. उघडली असती तर शंभर."