‘अजून नाही’ असा शेरा मिळालेल्यांसाठी एक लॉर्ड

स्काऊटचा विषय निघाला की आपण संस्थापक बेडन-पॉवेलच्या पुढे जातच नाही. १९४५ ते १९५९ अशी तब्बल चौदा वर्षं चीफ स्काऊट, म्हणजे ब्रिटिश स्काऊट चळवळीचे प्रमुख, राहिलेले लॉर्ड रोवॅलन कुणाला आठवत नाहीत. मला मात्र त्यांचं सगळ्यात मोठं काम त्या चौदा वर्षांच्या आधीचं वाटतं.

थॉमस कॉर्बेट, दुसरे बॅरन रोवॅलन, जन्म १८९५. वडील स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे खासदार. लंडनच्या उपनगरांत हजारो घरं बांधणारे आणि ग्लासगोला रूकन ग्लेनची आख्खी बाग देऊन टाकणारे. वाडा एअरशायरमध्ये. म्हणजे आयती सरदारकी. पण पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातली गॅलिपोलीची आणि फ्रान्सची आघाडी पाहिली, शौर्यासाठीचा मिलिटरी क्रॉस मिळवला आणि पायाला जबर जखम घेऊन परतले.

आता १९४२. ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला नवी मंडळं नेमली: मुलाखत, मानसशास्त्रज्ञ आणि नेता न नेमलेल्या गटाला मैदानावर दिलेली कामं. आपलं एसएसबी (सैन्यासाठी अधिकारी निवडणारं मंडळ) याच मुशीतलं, १९४३ मध्ये डेहराडूनला सुरू झालेलं. या चाळणीत एक अडचण निघाली. काही मुलं धड पास नव्हती, धड नापासही नव्हती. अक्कल होती, पण चारचौघांना हुकूम द्यायची वेळ आली की घशाला कोरड. ‘अजून नाही’ या शेऱ्याची ही मुलं १९४३ मध्ये रोवॅलन यांच्याकडे सोपवली गेली. त्यांचं प्रशिक्षण केंद्र स्कॉटलंडमध्ये: आधी केर्नगॉर्म डोंगरातलं ग्लेनफेशी, मग पश्चिम किनाऱ्यावरचं पूल्यू.

दहा आठवडे. कवायतीच्या मैदानापेक्षा डोंगर जास्त. रोवॅलन आधीपासून स्काऊटमधले, त्यामुळे त्यांनी तिथलीच पेट्रोल पद्धत (गाडीतल्या पेट्रोलशी संबंध नाही!) सैन्यात आणली. पेट्रोल म्हणजे सहा ते आठ जणांची तुकडी. याहून मोठी केली की दोघं-तिघं मागे लपतात. फार छोटी केली की नेत्याला कामं वाटून द्यायचा प्रश्नच येत नाही. नेतृत्व आळीपाळीने. वाट चुकली तर ती त्या दिवशीच्या नेत्यानेच सुधारायची.

ही पद्धत बिघडते ती बहुतेक वेळा मोठ्यांमुळेच. तंबू पडायला लागला की सर स्वतः धावतात आणि खुंटी ठोकतात. तंबू उभा राहतो, संघनायक (तुकडीचा नेता) बसतो. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक शिबिरात त्याच चुणचुणीत मुलाला पुढे करायचं, कारण पाहुण्यांसमोर शोभा होते. मागच्या रांगेतल्या मुलाला चुकायला जागाच उरत नाही.

पुढे चीफ स्काऊट म्हणून त्यांनी देशोदेशी दौरे केले. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या सटन पार्कला तीस हजारांहून जास्त स्काऊट जमले. नंतर १९६३ पर्यंत ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे गव्हर्नर. हे सगळं मोठंच.

पण १९५४ चं प्रकरण मला खटकतं. ब्रिस्टलचा एक स्काऊट, स्काऊटमधला सर्वोच्च बॅज मिळवलेला, तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत होता म्हणून बाहेर काढला गेला. देव आणि राणी यांची स्काऊटची शपथ कम्युनिस्ट मनापासून घेऊच शकत नाही, ही रोवॅलन यांची ठाम भूमिका. डोंगरात प्रत्येक पोराला दुसरी संधी देणाऱ्या माणसाला इथे थोडं थांबता आलं नाही.

ते १९७७ मध्ये गेले. त्याच वर्षी सॅन्डहर्स्टच्या लष्करी अकादमीत काठावरच्या उमेदवारांसाठी खास तुकडी सुरू झाली, तिचं नाव रोवॅलन कंपनी. २००२ मध्ये तीही बंद पडली.

आपल्याकडे एसएसबीत शेवटच्या दिवसापर्यंत टिकून ‘कॉन्फरन्स आऊट’ झालेला, म्हणजे अखेरच्या बैठकीत नाकारला गेलेला मुलगा छातीवरचा नंबर काढून परतीची गाडी पकडतो. कुठे कमी पडलो, हे त्याला कुणी सांगत नाही. डोंगर आपल्याकडेही आहेत. दहा आठवडे देणारा कुणीतरी हवा.