गावठी कुत्र्याला नाव कळत नाही म्हणे! कोणी सांगितलं?

काल रात्री आत्याचा फोन. "अगं, गोट्याला म्हणे नाव कधी कळणारच नाही, गावठीला कळत नाही असं आलंय मोबाइलवर. मग खालीच सोडूया का त्याला परत, वॉचमन बघेल." गोट्या म्हणजे तिने ऐन पावसात काळाचौकीला बिल्डिंगच्या गेटपाशी उचललेलं पिल्लू. आता चार-पाच महिन्यांचं झालंय, दिवसभर आत्याच्या पायात पायात करत असतं. आणि त्याला घराबाहेर काढायचा विचार कशावरून, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'जातीनुसार कुत्र्यांची योग्य नावं' या मेसेजवरून. सोसायटीच्या ग्रुपवर तोच, शाळेच्या ग्रुपवर तोच, नातेवाईकांत तर रोज कोणीतरी नव्याने टाकतंय. माझं डोकं फिरलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, मेसेज काय म्हणतो ते. प्रत्येक जातीला ठरावीक नाव शोभतं, जर्मन शेफर्डला मॅक्स, लॅब्राडोरला ब्रुनो वगैरे. जात ज्या देशाची तिथलंच नाव ठेवावं. टायगर, शेरू, सुलतान असली नावं ठेवली तर कुत्रा चावरा होतो आणि कुकी, कोको ठेवलं तर कितीही दांडगी जात असली तरी गरीब राहतो. स, श, झ हे आवाज कुत्र्यांना ऐकूच येत नाहीत. नाव दोन अक्षरीच हवं. मोठ्या कुत्र्याचं नाव बदललं तर त्याच्या मनावर कायमचा परिणाम होतो, म्हणून दत्तक घेऊ नका, पिल्लूच विकत घ्या. आणि शेवटी, गावठीला जात नसते, त्यामुळे त्याला नावही कळत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण याच्याने खरंखुरं नुकसान होतंय. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे प्राण्यांच्या पेटिट हॉस्पिटलात, ओपीडीच्या रांगेत नुसते अर्धा तास बसा. मोती, काळू, लाडू, ब्राउनी अशा हाका चालू असतात आणि ज्याला हाक मारली तोच कान टवकारतो, बाजूचा ढिम्म. यातले कितीतरी गावठी असतात. नाव कळणं म्हणजे काय, तर एक ठरावीक आवाज आला की आपल्याला काहीतरी मिळतं, खाऊ, लाड, फिरायला जाणं, हे डोक्यात बसणं. त्याला वंशावळीचा कागद लागत नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात 2019 मध्ये यावर प्रयोग झाला, आजूबाजूला माणसांच्या बडबडीचा गोंगाट लावला, त्यात अनोळखी माणसाच्या आवाजात कुत्र्याचं स्वतःचं नाव आणि दुसरं तसंच एखादं नाव ऐकवलं, तर गोंगाट नावाइतकाच मोठा असतानाही कुत्रे आपलं नाव ओळखत होते. आणि आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या टीमने त्यांच्यावरच वर्षानुवर्षं काम केलंय. 2020 साली त्यांनी दाखवलं की कधीही ट्रेनिंग न मिळालेले रस्त्यावरचे कुत्रे माणसाने बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, जे जवळ आले त्यातले साधारण 80 टक्के बरोबर गेले. अनोळखी माणसाचं बोट ज्याला कळतं त्याला आत्याने दिवसातून पन्नास वेळा मारलेली 'गोट्या' ही हाक कळणार नाही?

मुळात 'जात नसते' म्हणजे काय? आपले गावठी कुत्रे हजारो वर्षं माणसाजवळ राहत आलेत, फक्त कोणी ठरवून त्यांची जोडी लावून एकसारखी पिल्लं काढली नाहीत, एवढाच फरक. आणि हो, पाळलेला कुत्रा 'खाली सोडून देणं' हा साधा मामला नाहीये, उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. चार महिने घरात मऊ भात खाल्लेलं पिल्लू रस्त्यावरच्या टोळीत टिकत नाही, जुने कुत्रे त्याला फाडतात. हे मी आत्याला फोनवरच सांगितलं, ती रडायलाच लागली.

आता ते टायगर आणि कुकी. लोकं हे मनापासून खरं मानतात म्हणून याच्यावर थोडं जास्त लिहिते. 26/11 च्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात चार लॅब्राडोर होते, त्यांची नावं मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. म्हणजे मेसेजमधली दोन 'चावरी' नावं त्याच पथकात. या कुत्र्यांनी त्या दिवसांत गर्दीच्या, घाबरलेल्या शहरात स्फोटकं हुंगून काढली, कितीतरी जीव त्यांच्यामुळे वाचले. रिटायर झाल्यावर विरारच्या एका फार्मवर होते आणि 2016 मध्ये एकामागून एक चौघंही गेले. त्याआधी 1993 च्या स्फोटांच्या वेळचा झंजीर, तोही लॅब्राडोर, नाव सिनेमावरून ठेवलेलं, आणि त्याने तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स शोधून दिलं. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. या कुत्र्यांना त्यांच्या हँडलरने घडवलं, रोजच्या सरावाने घडवलं.

उलट बाजू जास्त भयानक आहे. नाव कुकी ठेवलं म्हणून रॉटवायलरसारखा दांडगा कुत्रा शांत राहील असं समजून कोणी त्याला ट्रेनिंग न देता, पिल्लूपणी माणसांत न मिसळवता, वन बीएचकेत दिवसभर बांधून ठेवलं आणि मग सोसायटीतल्या पोरांमध्ये सोडलं तर काय होईल? चावा बसला की तो मेसेज लिहिणारा येणार आहे का दवाखान्यात?

बरं, नाव सोडा, नुसत्या जातीवरून तरी स्वभाव ठरतो का? इथे एकच अभ्यास सांगते पण तो मोठा आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. 18,385 कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली, 2,155 कुत्र्यांचे जीन तपासले. निष्कर्ष असा की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला फक्त 9 टक्के जातीने सांगता येतो. माणसाचं ऐकणं, सूचनेला प्रतिसाद देणं यात जातीचा त्यातल्या त्यात जास्त संबंध दिसला, पण एखादा कुत्रा किती पटकन भडकेल याचा अंदाज जातीवरून जवळजवळ येतच नाही. आता मेसेजकडे परत बघा. जातीवरून नाव ठरवायचं आणि नावावरून स्वभाव ठरणार म्हणे. जिथे जातच एवढं कमी सांगते तिथे नाव काय सांगणार, सांगा ना मला.

जातीच्या देशाचं नाव ठेवा हे तर वाचवतही नाही. मेसेजवाल्याने ग्रेट डेन डेन्मार्कचा ठरवलाय, तो जर्मनीत तयार झालेला. ऑस्ट्रेलियन शेफर्ड अमेरिकेत. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलँड बेटावरचे आणि जात पक्की झाली ब्रिटनमध्ये. जर्मन शेफर्ड आणि अल्सेशियन या दोन वेगळ्या जाती म्हणून यादीत दोनदा टाकल्यात, कुत्रा एकच, पहिल्या महायुद्धामुळे ब्रिटिशांना जर्मन नाव नको होतं म्हणून अल्सेशियन केलं, तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, ते 1977 मध्ये बदलून परत जर्मन शेफर्ड केलं. आणि आपल्या दादर-गिरगावच्या घरांत वर्षानुवर्षं ज्यांना 'पॉम', म्हणजे पॉमेरेनियन, म्हणत आलो ते बहुतेक सगळे इंडियन स्पिट्झ, म्हणजे वेगळीच जात. ज्याला जातींचीच नावं धड माहीत नाहीत तो जातीप्रमाणे नावं वाटत सुटलाय. आपल्याकडे तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, त्याचं नाव खंड्या. महाराजांनी कुठली यादी बघितली नव्हती.

स, श ऐकू येत नाही, हे साफ खोटं. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 40 हजारांच्याही वर. 'स' सारखे बारीक आवाज तर त्याला आपल्यापेक्षा चांगले कळतात. शेरू, सोनू, झिपऱ्या, खुशाल ठेवा.

दोन अक्षरी नावाचं मात्र, मान्य करते, थोडं तथ्य आहे. छोटं नाव हाक मारायला सोपं, घरातले सगळे ते एकसारखं म्हणतात, म्हणून कुत्र्याला लवकर सवय होते. पण 'हवंच' असं काही नाही. चार अक्षरी ठेवलंत तरी घरात शेवटी त्याचं छोटंच होतं, फक्त आजी एक, बाबा दुसरं आणि पोरं तिसरं असं म्हणत असतील तर त्याचा गोंधळ उडतो. आणि नाव 'बस', 'नो', 'ये' अशा रोजच्या हुकमांसारखं ऐकू येऊ नये, हे मेसेजमध्ये नाहीच, ते खरं तर असायला हवं होतं.

राहिलं नाव बदलणं. यामुळे लोकं मोठे कुत्रे दत्तक घ्यायला घाबरतात म्हणून नीट सांगते. शेल्टरमधल्या कित्येक कुत्र्यांना नाव तिथल्याच लोकांनी दिलेलं असतं, आधीचं कोणाला माहीतही नसतं, आणि नव्या घरी नवं नाव ते शिकतात. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीने हजारावर खेळण्यांची नावं लक्षात ठेवली होती, 2011 मध्ये त्यावर पेपर आलाय. ती वर्षानुवर्षं रोज शिकवलेली, सगळ्या कुत्र्यांना हजार जमणार नाहीत, पण एक नवं नाव जमतंच. पद्धत साधी आहे. सुरुवातीला जुनं आणि नवं जोडून म्हणा, 'राजा-बंटी', बघितलं की लगेच खाऊ, चपातीचा छोटा तुकडाही चालतो. मग हळूहळू जुनं गाळा. नाव घेऊन ओरडू नका, आंघोळीला किंवा इंजेक्शनला नेताना हाक मारून बोलावू नका, जाऊन उचला. काही कुत्रे आठवड्यात वळून बघतात, घाबरलेल्यांना महिना-दीड महिना लागतो, तेवढा द्या.