‘पालक’ लिहिलेलं कार्ड

गेल्या आठवड्यात भाचीबरोबर तिच्या कॉलेजच्या ओरिएंटेशनला, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमाला, जाऊन आले. खरं तर तिथे ताईने जायला हवं होतं. तिच्या जागी मी जाऊन बसले, हे तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रवेश नक्की झाला, पहिली फी भरून झाली, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चार दिवसांनी कॉलेजचा ई-मेल आला. ओरिएंटेशन दोन दिवसांचं, विद्यार्थ्याला हजेरी सक्तीची, शुल्क वेगळं. सोबत पालक येणार असेल तर त्याचं शुल्क वेगळं. दोघे येणार असतील तर दुसऱ्याचंही भरायचं. रात्रीच्या मुक्कामाचा रकाना निराळा. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

भाची मोबाइलवर तो फॉर्म भरत होती, ताई आणि दाजी दोन बाजूंनी वाकून बघत होते. ‘पालक’ या शब्दापुढे २ टाकलं की खालची बेरीज वर जायची, १ टाकलं की थोडी उतरायची. तिने दोन-तीनदा तसं करून पाहिलं, मग काही न बोलता ० टाकलं आणि म्हणाली, “मी एकटीच जाते ना, त्यात काय एवढं?” त्यानंतर बराच वेळ घरात कुणी काही बोललं नाही.

शेवटी एका पालकाचे पैसे भरायचं ठरलं. दाजींचं काम रोजावरचं, दोन दिवसांचा खाडा म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. शिवाय प्रवासाचा खर्च होताच. ताई म्हणाली, “तूच जा. तू कॉलेज केलंयस, तुला त्यातलं कळतं. मी तिथे जाऊन काय करणार?” मलाही ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं.

हॉलमध्ये बसल्यावर अर्ध्या तासात माझी चूक मला कळली. क्रेडिट म्हणजे काय, हजेरी कमी पडली तर काय होतं, विषय बदलायची मुदत कधी संपते, शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, मूल पहिल्या महिन्यात फोनवर रडलं तर लगेच घ्यायला धावू नका. छान सांगत होते, मनापासून सांगत होते. पण यातलं बहुतेक मला माहीत होतं. ज्या बाईने कॉलेजची पायरीही चढलेली नाही, जिची मुलगी घरातून पहिल्यांदाच इतकी लांब राहणार आहे, ती हे ऐकायला तिथे नव्हती. एकाच पालकाचे पैसे भरता येत असतील तर घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसालाच पाठवलं जातं. आमच्यासारखंच गणित आणखी किती घरांनी मांडलं असेल?

दुपारी हॉलच्या दाराशी एक गृहस्थ दिसले. खांद्यावर मुलीची बॅग, गळ्यात कार्ड नाही. बायको आत होती, तिच्या गळ्यात माझ्यासारखंच ‘पालक’ छापलेलं कार्ड होतं. दारावरच्या स्वयंसेवक मुलाने अगदी नम्रपणे, “काका, एका कार्डावर एकच,” असं सांगितलं होतं. तो मुलगा तरी काय करणार, त्याला तसंच सांगितलेलं. दार उघडलं की ते गृहस्थ मान पुढे काढून पडद्यावर काय दिसतंय ते वाचायचा प्रयत्न करायचे. मधल्या सुट्टीत बायकोने त्यांना वही वाचून दाखवली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “रात्री-अपरात्री आजारी पडली तर पहिला फोन कुणाला करायचा, ते विचारलंस का?” तिने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आणि हॉलच्या शेवटच्या दोन रांगा दिवसभर रिकाम्या होत्या.

मला ओरिएंटेशनबद्दल तक्रार नाही. उलट ते हवंच, असं मी ठामपणे म्हणेन. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत १८८८ साली बोस्टन युनिव्हर्सिटीत नव्या विद्यार्थ्यांसाठी परिचयवर्ग सुरू झाल्याची नोंद आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मेनने १९२३मध्ये नवागतांसाठी अख्खा आठवडा राखून ठेवला. साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७०मध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, अध्यक्षांच्या कार्यालयापर्यंत पोचलं, आणि त्यातून धडा घेऊन तिथे १९७२मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा अभ्यासक्रम सुरू झाला, कारण विद्यार्थ्याचं संस्थेशी नातं जुळवून देणं हेही शिकवण्याचंच काम आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने अभियांत्रिकीच्या नव्या मुलांसाठी ३ आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आखला, यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये ‘दीक्षारंभ’ हा तसाच कार्यक्रम आणला. विचार तोच, की नवं मूल आधी रुळलं पाहिजे.

मग जे शिकवण्याचंच काम आहे, त्याचं वेगळं तिकीट कशाला? आणि सक्तीचं असेल तर ते शुल्क ‘ऐच्छिक’ गोष्टींसारखं प्रवेशानंतर हळूच का पुढे येतं?

पालकांचं येणं ही हौस आहे, असं काही जण म्हणतील. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेतला १९७४चा फर्पा कायदा बघा. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो. मार्क काय पडले, हे कॉलेज पालकांना आपण होऊन सांगत बसत नाही. मुलाच्या स्वातंत्र्यासाठी कायदा चांगलाच आहे. पण शाळेच्या पालकसभेची सवय असलेल्या आईवडिलांना हा बदल कुणीतरी समोर बसवून समजावायला नको का? ते समजावण्याची जागा म्हणजे हाच हॉल, आणि त्याच हॉलच्या दारावर कार्ड तपासलं जातं.

यात वेळेचीही एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अमेरिकेत पुष्कळ कॉलेजांची ओरिएंटेशन जून-जुलैत होतात. सरकारी आर्थिक मदत मात्र सत्र सुरू व्हायच्या फार तर १० दिवस आधी वितरित करता येते. म्हणजे ज्या घराला मदत मंजूर झाली आहे, त्यालाही हा खर्च आधी खिशातून किंवा उसनवारी करून करावा लागतो. पालकांचा प्रवास, मुक्काम, बुडलेला रोज हे तर त्या मदतीच्या हिशेबात धरतच नाहीत. शिवाय कित्येक ठिकाणी पहिल्या सत्राच्या विषयांची नोंदणी ओरिएंटेशनमध्येच होते. पैशांची जुळवाजुळव करण्यात जो पहिली तारीख चुकवतो आणि शेवटच्या तारखेला जातो, त्याच्या वाट्याला उरलेले वर्ग येतात. वेळापत्रक विस्कळीत झालं की मग शिकता शिकता करायची नोकरी जमत नाही. इतका साधा उशीर, पण वर्षभर निस्तरावा लागतो.

बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोन अभ्यासकांनी ‘समर मेल्ट’वर बरंच काम केलंय. प्रवेश मिळालेली, जायचं नक्की केलेली मुलं सुट्टीच्या त्या दोन-तीन महिन्यांत गळतात, पहिल्या दिवशी वर्गात येतच नाहीत. गरीब घरांतल्या मुलांमध्ये ही गळती जास्त. कारणं फार मोठी नसतात. एखादा फॉर्म राहतो, एखादं शुल्क अंगावर येतं, विचारायला घरात कुणी नसतं. भाचीने फॉर्मवर टाकलेलं ते शून्य मला त्यामुळे साधं वाटत नाही.

कॉलेजला खर्च येतो, हे मान्य. हॉल, माणसं, छपाई, मुक्कामाची सोय, फुकटात काहीच होत नाही. पण तो वर्षाच्या फीमध्ये धरा ना. तिथे तो आधीच दिसतो, कर्जात आणि शिष्यवृत्तीत बसतो, आणि कुणा मुलीला आईच्या नावापुढे आकडा टाकताना बेरीज बघावी लागत नाही. निदान दोन पालकांच्या खुर्च्या तरी विनाशुल्क ठेवा. टी-शर्ट आणि पिशवी नाही दिली तरी चालेल.

काही कॉलेजं शुल्क माफ करतात, हे मला माहीत आहे. पण ती माफी मागावी लागते, आणि ज्याला गरज आहे तोच मागायला संकोचतो. ताईने तर मागितलीच नसती. तुमच्या घरात या वर्षी कुणाचा प्रवेश झाला असेल तर लाजू नका, विचारा. माफी आहे का, पालकांच्या सत्राचं रेकॉर्डिंग मिळेल का, दुसऱ्या पालकाला नुसतं हॉलमध्ये बसू द्याल का. ऑनलाइन सत्र असेल तर तेही बघा, माहिती मिळते. फक्त दाराशी उभ्या त्या गृहस्थांसारखा प्रश्न पडद्यासमोर बसून सुचत नाही, सुचला तर विचारायला कुणी नसतं.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून कपाटातून एक वही आणली. तिने सात प्रश्न लिहून ठेवले होते. माझ्याकडे दिले नव्हते, तुला उगाच ताप कशाला म्हणून. पहिलाच प्रश्न होता, “मार्क आम्हाला कळवतात की तिने सांगितले तरच कळणार?” सातांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मला देता आली. उरलेल्या चारांसाठी काल रात्री दोघींनी बसून कॉलेजला ई-मेल लिहिला, ताईच्या नावाने. शेवटची ओळ तिने स्वतः सांगितली आणि मी तशीच टाइप केली: पालकांसाठी पुन्हा असं काही ठेवलंत तर आधी कळवा, मला यायचं आहे.