ताई, झुरळांबद्दल तुमचं म्हणणं मान्य

घरातल्याच रिकाम्या डब्या-खोक्यांनी घर कसं लावलं, या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता नुसतं 'गंगापूर रोड' लिहून प्रतिक्रिया टाकलीत. चार ओळींत उत्तर द्यावं म्हणून बसले होते, ते दोन दिवस जमलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. खोके-बाटल्या जमवल्या की घराचं भंगाराचं दुकान होतं आणि झुरळं पोसली जातात. जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत डाळी भरणं तब्येतीला वाईट. भांडी बाजारातून एकदाच स्टीलचे डबे आणले की जन्माचं काम होतं, मग ही पुठ्ठ्यांची हौस कशाला? आणि शेवटचं असं, की आई गेल्यावर जुन्या नाशकातला वाडा रिकामा करताना नुसत्या माळ्यावरून छोटा हत्तीच्या तीन खेपा भरल्या. डबे, पिशव्या, दोऱ्या, बाटल्या. "तुम्ही बायकांना तेच शिकवताय," असं तुम्ही लिहिलंत.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकले. त्यावर नंतर येते, आधी झुरळांचं मिटवून टाकू.

झुरळांबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि मला ते तुमच्याआधी कळलेलं होतं, हे जास्त वाईट. द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके गिफ्ट पेपर लावून सिंकखाली कप्प्यांसारखे ठेवले होते, तो फोटो लेखात होता. फोटो काढला फेब्रुवारीत. श्रावणात फिनेलची बाटली काढायला खोका ओढला आणि मनगटावरून काहीतरी सळसळत गेलं. पुढचं सांगत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. नंतर कारण समजून घेतलं. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जी नागमोडी पट्टी असते, ती चिकटवायला बहुतेक वेळा स्टार्चची खळ वापरतात. झुरळाला आणि कसरीला ती खळ म्हणजे पंगतच. त्यात सिंकखालची ओल, अंधार आणि लपायला हव्या तेवढ्या फटी. मोठं तपकिरी झुरळ अंड्यांची थैली अशाच आडोशाला चिकटवून जातं, एकेका थैलीत पंधराएक अंडी. मी सगळे खोके त्याच दिवशी बाहेर काढले. लेख मात्र दुरुस्त केला नाही. फोटो छान आला होता, दुसरं काही कारण नाही.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते. ओट्याखाली, बाथरूमजवळ, ओल येणाऱ्या भिंतीला पुठ्ठा नको. कपाटाच्या खणात, कोरड्या खोलीत चालतो. बुटांच्या खोक्याची झाकणं माझ्याकडे खणांत कप्पे म्हणून आहेत, मोजे, रुमाल, चार्जर त्यातच. पण तीही वर्षाची पाहुणी. मृग लागायच्या आत सगळा पुठ्ठा घंटागाडीत जातो आणि दिवाळीच्या खरेदीनंतर नवा येतो. फुकटच्या वस्तूचा हा एक फायदा लेखात सांगायचा राहिला होता, की टाकताना जीव तुटत नाही.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूकही कबूल करते. भाकरीच्या डब्यात तळाला वर्तमानपत्र घालायचं, असं मी लिहिलं होतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालायचं. छपाईची शाई अन्नाला लागणं घातक आहे आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावलंय. आता जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे घालते. ते वाफ टिपतात आणि धुताही येतात. वर्तमानपत्राची जागा चपलांच्या कपाटात.

प्लॅस्टिकबद्दल मात्र थोडं भांडते. सगळी प्लॅस्टिकं एका माळेचे मणी नाहीत. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघायचा. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर १ असतो. ते प्लॅस्टिक एकदा वापरून टाकायच्या हिशेबानं केलेलं असतं, उकळतं पाणी घातलं की आकसून वेडंवाकडं होतं. म्हणजे ती बाटली नीट खळबळून धुताच येत नाही. दही-श्रीखंडाच्या डब्यांवर बहुधा ५ दिसतो, ते जास्त टिकाऊ. तरी गरम वरण-भाजी त्यात मी ओतत नाही, कोरडं ठेवते. पण खरं सांगू का, आकडा माझ्यासाठी नंतरचा. आधी बघते हात आत जातो का. ज्यात मूठ जात नाही त्यात धान्य नको. निमुळत्या तोंडाची बाटली आतून पुसता येत नाही, तळाला थेंबभर पाणी राहतं आणि महिन्याभरात तूरडाळीला कुबट वास. लेखात कोल्ड्रिंकच्या बाटलीत साबुदाणा दाखवला होता, तो काढला. बाटली आता झाडांना पाणी घालायला आहे, झाकणाला तापलेल्या सुईनं भोकं पाडून.

आणि एक गोष्ट तुमच्याही यादीत नव्हती, ती मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. आपल्या जिल्ह्यात बागायतदारांच्या घरी फवारणीच्या औषधांचे कॅन ढिगानं पडलेले असतात. चांगले जाड, घट्ट झाकणाचे, मूठ धरायला सोपी. शेतावर पाणी न्यायला, रॉकेल ठेवायला, कधी धान्यालासुद्धा ते वापरलेले मी पाहिलेत. तो कॅन सात पाण्यांनी धुतला तरी घरात आणू नये. त्याला भोक पाडून टाकायचं, म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्याही मी केरसुणी, फरशी पुसायचं फडकं, गाडी धुणं एवढ्यावरच ठेवते.

स्टीलच्या डब्यांचं म्हणाल तर आहेत की! भांडी बाजारातूनच घेतलेत, दर दिवाळीला दोन-दोन करत. गहू, तांदूळ, डाळी त्यातच. धान्याला स्टीलला तोड नाही, यावर तुमचं-माझं एकमत. पण घर म्हणजे नुसतं धान्य नाही ना. सेफ्टी पिन, वीजबिलं, मुलाचे खडू, आमच्या ह्यांचे स्क्रू, देवघरातल्या वाती, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या, या सगळ्याला स्टीलचा डबा आणायचा म्हटला तर ऑनलाइन जे कप्प्यांचे सेट मिळतात तेच आणायचे. एका खणाला सहाशे रुपयांच्या घरात जातात. मी पाच खण मोजले आणि ॲप बंद केलं.

वातींना द्राक्षांचा पनेट मिळाला. निर्यातीची द्राक्षं ज्या पारदर्शक, भोकांच्या डब्यांत भरतात तो. ती भोकं द्राक्षांना हवा लागावी म्हणून असतात, त्यामुळे फ्रिजमध्ये मिरच्या आणि लिंबं त्यात मजेत राहतात, पिशवीत घामेजतात तशी घामेजत नाहीत. तळाला कागदी रुमाल घालायचा, मिरच्यांचे देठ काढायचे.

बिलांना लग्नपत्रिकांची पाकिटं. हल्ली पत्रिकेपेक्षा पाकीट भारी असतं. एकावर 'लाइट', एकावर 'घरपट्टी', एकावर 'शाळा'. पत्रिकेवरच्या गणपतीचा भाग मी कापून वेगळा ठेवते. तो पुढे कुठे ठेवायचा हा प्रश्न मला आजतागायत सुटलेला नाही, देवघराच्या खणात गणपतींचा गठ्ठा झालाय. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. कुकरचं ढिलं झालेलं रबर कचऱ्याच्या बादलीला बसवते, मग आतला कागद खाली घसरत नाही. हे दिसायला काही फार सुंदर नाही, मान्य. पण कचऱ्याची बादली सुंदर दिसावी असा माझा हट्टही नाही.

कांद्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण ते मला कुठल्या व्हिडिओतून मिळालेलं नाही. बहिणीचं सासर पिंपळगाव बसवंतचं. टोमॅटोचे वीस किलोचे प्लॅस्टिकचे कॅरेट तिच्याकडे असतात, कुणी त्याला जाळीही म्हणतं. कडा फुटलेलं एक मी घेऊन आले. पहिल्या वर्षी त्यात काठोकाठ कांदे भरून ते गॅलरीत थेट फरशीवर ठेवलं. महिन्याभरात खालचा थर सडला. बहिणीच्या सासऱ्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, तुम्ही चाळ बांधली, पण खालून वारं कुठून जाणार? कांद्याची चाळ तुम्ही लासलगाव-निफाडकडे जाताना रस्त्यावरून पाहिली असेल. जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी, आणि रुंदी बेताची, म्हणजे वारा आरपार जातो. उन्हाळ कांदा नीट सुकवून अशा चाळीत चार-सहा महिने सहज टिकतो. पावसाळ्याअखेरीस येणारा लाल कांदा कशातच टिकत नाही. तो आणायचा आणि खायचा.

दुसऱ्या वर्षी कॅरेट दोन विटांवर ठेवलं, अर्धंच भरलं, वरून गोणपाट टाकलं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. बटाटे शेजारी ठेवायचे बंद केले, दोघांचं एकमेकांशी जमत नाही. मे महिन्यातला कांदा गणपतीपर्यंत पुरला, दोन-तीनच कोंब आलेले निघाले. आता सांगा, याला भंगार म्हणायचं का? त्या कॅरेटला आधी भाजीच्या वजनाचं काम होतं, आता कांद्याला हवा देण्याचं आहे. गॅलरीतल्या बाकी रिकाम्या डब्यांना काही काम नव्हतं, ते काढले. त्यात पावसाचं पाणी साचायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी माझा कोरडा दिवस, कुंड्यांच्या बश्यासुद्धा पालथ्या.

आता तुमच्या आईंचा माळा.

आम्ही राहतो नाशकातल्या सिडकोत, म्हणजे सरकारी योजनेतल्या छोट्या घरांच्या वस्तीत, सहाव्या स्कीममध्ये. ज्यांना ही घरं माहीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे माळा नाही, फडताळ नाही, कोनाडा नाही. माझं सगळं लेखन या अडचणीतून आलंय. तुमच्या वाड्यात ते सगळं असणार. वाडा वस्तू पोटात घेतो, कुरकुर करत नाही. आणि आईंच्या तरुणपणी डब्याला किंमत होती. तेल सुटं, रॉकेल सुटं, तूप सुटं, आणायला भांडं घरून न्यायचं. चांगल्या झाकणाचा डबा हाताशी असणं म्हणजे घर चालवण्यातली अक्कल होती. पुढे प्रत्येक वस्तू स्वतःचा डबा घेऊनच घरात यायला लागली, महिन्याला दोन यायचे तिथे वीस. हाताची सवय मात्र दोनाचीच राहिली. माझ्या सासूबाईंचं हेच झालंय, दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवतात. मी त्यांना बोलत नाही. फक्त घंटागाडीची घंटा वाजली की त्यातली अर्धी घडी उचलते.

म्हणून तुमचं चौथं म्हणणं वाचून मी माझाच लेख परत वाचला. शीर्षक होतं, 'हे डबे चुकूनही फेकू नका'. चूक तिथेच होती. डबा आधी ठेवून घ्यायचा आणि मग त्याला काम शोधायचं, असा सगळा लेख उलट्या दिशेनं चाललेला. मी स्वतः घरात तसं करत नाही. आधी दिसतं की चार्जर रोज सोफ्यावर पडलेले असतात. मग खणाची रुंदी वितेनं मोजते. मग त्या मापाचं काय रिकामं होणार आहे याची वाट बघते, कधी पंधरा दिवस. काम नसलेल्या डब्यांसाठी घरात एकच बादली आहे. ती भरली की सर्वात जुना डबा बाहेर, मग तो कितीही देखणा असो. आमच्या ह्यांनी त्या बादलीला 'वेटिंग लिस्ट' नाव ठेवलंय.

हे लेखात यायला हवं होतं, आलं नाही, कारण 'फेकू नका' या दोन शब्दांवर लोक जास्त येतात. तो मोह मला झाला.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत होणार नाही. तीन खेपा तुम्हाला भराव्या लागल्या, त्याचा त्रास खरा आहे. पण तुम्हीच पुढे लिहिलंत की त्या सगळ्यातून बटणांचा एक डबा तेवढा घरी आणलात. मूळचा कशाचा होता, ते लिहिलं नाहीत. सासूबाईंचा बटणांचा डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा, कडा गंजलेला. त्यातलं बटण शोधायचं म्हणजे पलंगावर वर्तमानपत्र पसरून सगळं ओतावं लागतं. मुलगा लहान असताना तासभर त्यात रमायचा. तुमचा कसला होता, सवडीनं सांगा.

लेखाचं शीर्षक आज बदललंय. सिंकखालचा फोटो, साबुदाण्याची बाटली आणि भाकरीचा डबा, तिन्ही काढलेत. त्या जागी कांद्याच्या कॅरेटचा फोटो टाकायचाय, पण आत्ता ते रिकामं आहे आणि त्यात मांजर झोपलंय. उन्हाळ कांदा आला की काढते.