कणाचे स्थान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेतील डिटेक्टरमध्ये (कण टिपणाऱ्या यंत्रात) कणांचे मार्ग स्पष्ट दिसत असताना ‘क्वांटम क्षेत्र सिद्धांतात (कणांना सर्वत्र पसरलेल्या क्षेत्रांची स्पंदने मानणाऱ्या सिद्धांतात) कणाला काटेकोर स्थान नसते’ हे माझे विधान निव्वळ शब्दच्छल आहे, असे आपले म्हणणे आहे. मला ते पटत नाही.

डिटेक्टरमध्ये प्रत्यक्षात असते ती सुट्या नोंदींची रांग. सर्नमधीलच सीएमएस प्रयोगाच्या पिक्सेल डिटेक्टरमधील एक पिक्सेल साधारण १०० × १५० मायक्रोमीटरचा असतो, तर इलेक्ट्रॉनची कॉम्प्टन तरंगलांबी (ज्या अंतराच्या आसपास कणाला एका जागी बांधण्याची कल्पनाच डळमळू लागते ते अंतर) सुमारे २.४ पिकोमीटर, म्हणजे त्याच्या काही कोटी पटींनी लहान. स्थानाची अडचण जिथे उद्भवते तिथवर ही नोंद पोहोचतच नाही. मार्ग सरळ का दिसतो, हेही भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी १९२९ मध्येच उलगडले होते: किरणोत्सारी अणूतून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणाची लाट सर्व दिशांना पसरत असली, तरी वाटेतील दोन अणू आयनित होण्याची (त्यांतून इलेक्ट्रॉन निघून नोंद उमटण्याची) शक्यता लक्षणीय ठरते ती ते दोन्ही उगमाशी एका रेषेत असतील तेव्हाच.

अडचण गणिती आहे आणि ती खरी आहे. न्यूटन (आयझॅक नव्हेत, टी. डी. न्यूटन) आणि विग्नर यांनी १९४९ मध्ये केलेल्या कणाच्या स्थानाच्या व्याख्येनुसार एका निरीक्षकाच्या लेखी एका बिंदूवर असलेला कण, वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाच्या लेखी तसा राहत नाही. पुढे १९७४ मध्ये हेगरफेल्ट यांनी दाखवले की, ऊर्जेला खालची मर्यादा असेल, तर मर्यादित जागेत पूर्णपणे बंदिस्त असलेला कण पुढच्याच क्षणी कितीही दूर, म्हणजे प्रकाशही पोहोचू शकणार नाही इतक्या अंतरावर, सापडण्याची शक्यता शून्य राहत नाही.

म्हणूनच हाग आणि कास्टलर यांच्या १९६४ च्या मांडणीत स्थान कणाला न देता मोजता येणाऱ्या राशींना दिले जाते, आणि ज्या दोन प्रदेशांपैकी एकातून दुसऱ्यात प्रकाशही पोहोचू शकत नाही त्यांतील राशींची मापने एकमेकींच्या आड येत नाहीत. फ्यूस्टर आणि फेर्श यांनी अलीकडे मापनाचे साधनही क्वांटम क्षेत्रच मानले, आणि मूळ क्षेत्राशी त्याची जोडणी अवकाश-काळाच्या मर्यादित तुकड्यापुरती ठेवली. सॉर्किन यांनी १९९३ मध्ये आदर्श (साधनाचा तपशील न पाहता केवळ गणितात गृहीत धरलेल्या) मापनांमुळे प्रकाशाहून जलद संदेश जाऊ शकेल, असा पेच दाखवला होता; या मांडणीत तो उद्भवत नाही, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले.

या नव्या मांडण्यांमुळे कणांच्या टकरींची रोजची आकडेमोड बदलत नाही, हा आपला मुद्दा मात्र रास्त आहे. हेगरफेल्ट यांच्या गृहीतकांपैकी आपण नेमके कोणते नाकारता, हे कळवलेत तर चर्चा तेथून पुढे नेता येईल.