सांदणांना सोडा लागत नाही

मे महिना लागला की सांदणांची, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या गोड इडल्यांची, एक कृती फोनाफोनी फिरते : ‘फणस कोणताही घ्या, गरे मिक्सरला लावा, त्यात साधा रवा आणि पाव चमचा सोडा घाला, दहा मिनिटांत मऊ लुसलुशीत सांदणं तयार.’ अशी केलेली सांदणं फसतात आणि बोल लागतो फणसाला.

फणस कोणताही चालत नाही. सांदणं बरक्या जातीच्या फणसाची. बरक्याचा गरा मऊ, तो चाळणीवर हातानं घासला की रस खाली उतरतो आणि धागे वर राहतात. मिक्सरमध्ये तेच धागे बारीक तुटून रसात मिसळतात आणि खाताना जिभेला लागतात. कापा म्हणजे घट्ट गऱ्यांचा फणस, त्याला रस सुटतच नाही. त्याचे गरे वाटून नारळाच्या दुधात सैल केले तर पदार्थ चांगला होतो, पण तो सांदणापेक्षा केककडे झुकतो.

रवा गव्हाचा नको. तो रस पटकन पितो आणि वाफेत शिऱ्यासारखा चिकट होतो. तांदूळ धुवून, सावलीत कापडावर सुकवून, जाडसर भरडावा. पीठ चाळून काढावं, नाहीतर सांदण चिकट होतं. उरलेल्या कण्या चमचाभर तुपावर मंद आंचेवर परताव्यात. 2 वाट्या कण्यांना 2 वाट्या गाळलेला रस, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ. गूळ आधी रसात विरघळवायचा. पावसाचं पाणी लागलेला फणस पाणचट असतो, तेव्हा नारळाचं दूध निम्मं करावं. मिश्रण इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट हवं.

आता सोडा. सांदण हलकं होतं ते कण्या भिजल्यामुळे. दोन-अडीच तासांत कणी रस पिऊन फुगते आणि वाफेत मऊ शिजते. हा वेळ वाचवायला सोडा घातला तर वरून जाळी दिसते, पण कणी आत कच्चीच राहते. शिवाय साबणासारखी चव येते, आणि रंगासाठी हळद घातली असेल तर तांबडे डाग पडतात. मिश्रण रात्रभरही ठेवू नये, मेच्या उष्म्यात रस आंबतो. गोड हवं म्हणून गूळ वाढवला तरी बिघडतं. गूळ पाणी धरून ठेवतो, मग सांदण मधोमध ओलं आणि जड राहतं.

वाफवताना दहा मिनिटांत फक्त कडा धरतात. पाणी खळखळल्यावरच भांडं आत ठेवावं. इडलीपात्रात 15 मिनिटं, वाट्यांत 20. कुकर असेल तर शिट्टी काढून. झाकणाला आतून फडकं बांधावं, नाहीतर वाफेचे थेंब पडून वर ओले खड्डे पडतात. सुरी कोरडी निघाली तरी लगेच काढू नये, गरम सांदण तुटतं.

‘फ्रीजमध्ये ठेवून केव्हाही खा’ असंही सांगतात. तांदूळ गारठला की कडक होतो, म्हणून खाण्याआधी पुन्हा 5 मिनिटं वाफ द्यावी आणि वेलची घातलेला नारळाचा गोड रस सोबत घ्यावा.